नाकापासून बहात्तर तास

गेवराई,
४ एप्रिल २०२१

श्रीमती मनकर्णाबाई विहीणबाई यांना रुक्मिणीचा नमस्कार.

पत्र बघून तुम्ही म्हणाल, मोबाइलच्या काळात या बाईला हे काय सुचलं. पण तुम्हाला ठाऊकच आहे, दोन वर्षांपूर्वीच्या तापात माझे कान गेले. समोरासमोर ओठांवरून भागवते, पण फोनवर माणूस रडतंय की हसतंय हेही कळत नाही. सातवीपर्यंत शिकले ते आता कामाला येतंय. अजीजभाई एक दिवसाआड इथली मोसंबी पिकअपमध्ये भरून तुमच्या भालकीच्या बाजारात नेतात. त्यांच्याजवळ ही चिठ्ठी देतेय. मोसंबीला सीमेवर कुणी अडवत नाही, माणसाला अडवतात.

त्याचंच रडगाणं सांगते. ऊसतोडीवरून परत आल्याबरोबर शिवकन्याकडे निघायचं ठरवलं होतं. पोरीचं पहिलं बाळंतपण. ते माहेरी व्हायला हवं होतं, झालं नाही, तर निदान आई तरी जवळ असावी. इथं कळलं की कर्नाटकात शिरायचं तर कोरोनाची टेस्ट लागते, रेल्वेनं आलं तरीही, आणि ती बहात्तर तासांच्या आतली हवी. तीस मार्चला केंद्रावर जाऊन नाकात काडी घालून घेतली. रिपोर्ट आला काल, तीन तारखेला. निगेटिव्ह. मी खुशीत बोचकं बांधायला घेतलं. तिथले कंपाउंडर रामप्रसाद यांनी मला थांबवलं आणि पाटीवर लिहून दाखवलं, "मावशी, ह्यो रिपोर्ट शिळा झाला. बहात्तर तास नाकापासून धरतेत, कागदापासून न्हाई."

मी त्यांना म्हटलं, कागद तर कालच जन्माला आला. तुम्ही तो चार दिवसांनी देता आणि तो तिसऱ्या दिवशी मरतो, मग या टेस्टवर आजवर कुणी पलीकडे गेलंय का? ते हसले आणि म्हणाले, गाडीचा वार बघा आणि तिथून उलटं मोजत या. नुसतं वरातीमागून घोडं. परळीहून तुमच्याकडची गाडी सोमवार, बुधवार आणि शनिवारी. सकाळी साडेनऊला सुटते आणि दुपारी एकला कमलनगरला म्हणजे कर्नाटकात शिरते. आता मी वहीत तास मांडत बसलेय. गणितात मी कधी पास झाले नव्हते.

शिवकन्याचे पाय सुजतात असं तिनं लिहिलं होतं. उतरले का? तुमच्या मनात माझ्याबद्दल राग असेल तर तो माझ्यावरच काढा. ती माझी एकुलती एक आहे.

तुमची,
रुक्मिणी


भालकी,
६ एप्रिल

सौ. रुक्मिणीबाईंना मनकर्णाचा नमस्कार.

चिठ्ठी पोचली. मोसंबीचा वास लागलाय तिला.

राग आहेच, तो कशाला लपवू? सातव्या महिन्यात लेकीला न्यायला तुम्ही आला नाहीत. आला असतात तरी मी पाठवली नसती, हेही खरं. फेब्रुवारीत मी फोनवर जे बोलले, की उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत माझ्या नातवाला जन्माला घालणार का, ते तुम्हाला ऐकू गेलं नाही म्हणून बरं. पण शिवकन्यानं लिहून कळवलंच असेल. मी तोंडानं फाटकी आहे, मनानं नाही. तुम्ही या. आलात की समोरासमोर भांडू.

पाय उतरलेले नाहीत. रक्तदाबही वर जातो. इथल्या डॉक्टरीणबाई म्हणतात, मूल आडवं आहे, ऑपरेशनच करावं लागेल. तारीख पंचवीसची दिलीय, पण तोवर थांबतील असं वाटत नाही. पोर दिवसातून दहादा विचारते, आई कधी येणार. मी सांगते, तुझी आई तास मोजतेय.

अजीजभाई बाहेर हॉर्न वाजवतायत, थांबते.

ता. क. तुमचा जावई परमेश्वर आत्ताच दवाखान्यातून शिवकन्याचे रिपोर्ट घेऊन आला. ती निगेटिव्ह आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमचंही बहुतेक तेच असेल. तसं असलं तर लवकर निघा.

मनकर्णा


गेवराई,
८ एप्रिल

विहीणबाई,

तुमचा ता. क. वाचला आणि जीव भांड्यात पडला. पोर निगेटिव्ह आहे, आता बाकीचं देव बघेल. या दिवसांत भरल्या पोटाच्या बाईला कोरोना झाला असता तर काय केलं असतं, या विचारानं मला जेवण जात नव्हतं. आणि तुमच्या डॉक्टरीणबाई मला न बघताच माझाही निगेटिव्ह येईल म्हणाल्या, त्यांच्या तोंडात साखर पडो.

आता घाई करून परत शिळा कागद हातात घ्यायचा नाही असं मी ठरवलंय. नीट मांडणी केलीय, तुम्हीही ऐका. शनिवारची, म्हणजे परवाची गाडी गेलीच, रिपोर्टच नाही. सोमवारी सोमवती अमावास्या, त्या दिवशी मी उंबरा ओलांडत नाही. मंगळवारी पाडवा. म्हणून बुधवारी, चौदा तारखेला, दुपारी दोनला स्वॅब द्यायचा. नमुने घेऊन जाणारी गाडी तेव्हाच निघते, म्हणजे माझा नमुना टेबलावर पडून राहणार नाही. रामप्रसाद म्हणतात, हल्ली अडीच दिवसांत रिपोर्ट येतो. शनिवारी, सतरा तारखेला, परळीची गाडी धरायची. कमलनगरला दुपारी एक वाजता मोजलं तर एकाहत्तर तास होतात. एक तास हातात उरतो. ही मांडणी मी रामप्रसादांना दाखवली तर ते म्हणाले, मावशी, तुमी रेल्वेतच नोकरीला पाह्यजे होत्या.

मधल्या दिवसांत डिंकाचे लाडू वळते. खारीक फोडून झालीय. तुमच्या घरी लाडू मिळत नाहीत असं म्हणत नाही, पण आईच्या हातचे वेगळे. तुम्हाला कमी तुपाचे वेगळे करते, शुगर आहे ना.

शिवकन्याला सांगा, सतरा तारखेला दुपारी आई येतेय.

रुक्मिणी


भालकी,
१० एप्रिल

रुक्मिणीबाई,

लाडू वळताय? चिठ्ठी वाचून मी भिंतीला डोकं लावून बसले. आधी तुमचा संताप आला, मग माझी मीच लिहिलेली ओळ आठवली. चूक माझी आहे. एक शब्द लिहायचा राहिला आणि पाच दिवस वाया गेले.

मी कोरोनाचं बोलतच नव्हते. रक्तगटाचं बोलत होते. शिवकन्याचं रक्त ओ निगेटिव्ह आहे. असं रक्त शंभरात एखाद्याचं असतं म्हणतात. ऑपरेशनला ते आधी आणून ठेवावं लागतं, आणि ते भालकीत नाही, बिदरच्या रक्तपेढीतही नाही. कॉलेजं बंद, शिबिरं बंद, कोण रक्त देणार? परमेश्वरचं बी पॉझिटिव्ह, माझंही तेच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आईचं जुळण्याची आशा आहे. म्हणून लिहिलं होतं, तुमचंही तेच असेल तर लवकर निघा.

आणखी एक लपवलं होतं, आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? पाच तारखेला तिला झटका आला. दातखीळ बसली, डोळे फिरले, दोन मिनिटं ती आमच्यात नव्हती. तुम्ही तिकडे एकट्या घाबराल म्हणून सांगितलं नाही. दवाखान्यातच आहे ती तेव्हापासून. डॉक्टरीणबाई जास्तीत जास्त बुधवार-गुरुवारपर्यंत थांबतील. रक्त हातात नसताना पोट उघडायला त्या भितात, आणि न उघडता ठेवायलाही भितात.

तुमचा गट कुठे लिहिलेला आहे का बघा. असेल तर अमावास्या बघू नका, पाडवा बघू नका. निघा.

मनकर्णा


गेवराई,
१२ एप्रिल, सोमवार

विहीणबाई,

तुमची चिठ्ठी काल दुपारी मिळाली. रविवार, केंद्राला कुलूप. रामप्रसादांच्या घरी गेले, त्यांच्या पाया पडले. ते म्हणाले, मी काडी घालीन पण नमुना न्यायला गाडीच न्हाई, नाकाचे तास मात्र सुरू होतील. बरोबर बोलले. परत आले.

माझ्या एका जुन्या ऑपरेशनचा कागद पत्र्याच्या पेटीत सापडला. त्यावर इंग्रजी ओ आहे आणि पुढे एक छोटी आडवी रेघ. इतकी वर्षं मला वाटायचं, लिहिणाऱ्याचं पेन घसरलं असेल. काल अजीजभाईंच्या अदिबाला दाखवला, ती बारावीला आहे. ती म्हणाली, "मौसी, ये रेघ म्हणजे वजा. तुमी निगेटिव्हच हाय." विहीणबाई, मी त्या रेघेवर हात ठेवून रडले. आणि त्याच शब्दावर मी आठ तारखेला आनंदानं खारीक फोडत होते. मला माफ करा, मी तुम्हाला करते.

आज अमावास्या. शेजारच्या बाया म्हणाल्या, आजच्या दिवशी नाकात काडी घालून घेऊ नको. मी अकरा वाजता घालून घेतली. रामप्रसादांनी माझी बाटली सगळ्यात वर ठेवली. तरीही ते म्हणतात रिपोर्ट बुधवारी संध्याकाळी, नाहीतर गुरुवारी. गाडी बुधवारी सकाळची. पुढची शनिवारी, तोवर हा कागदही मेलेला. म्हणजे ज्या दिवशी गाडी आहे त्या दिवशी रिपोर्ट नाही, आणि रिपोर्ट आहे त्या दिवशी गाडी नाही. हे असं कुणी ठरवलं असेल? त्याला पोरबाळ नसेल का?

अजीजभाई म्हणाले, बहन, पिकअपमध्ये चला. पण नाक्यावर ड्रायव्हर आणि एक हमाल एवढेच सोडतात, तिसरं माणूस उतरवतात. मागच्या आठवड्यात एकाला मोसंबीखालून ओढून काढला आणि अजीजभाईंची गाडी दिवसभर उभी केली. त्यांचं पोट मी बुडवणार नाही.

मी बुधवारी बिनरिपोर्टाची गाडीत बसणार आहे. उद्या पाडव्याला बीडहून एसटीनं परळी गाठते. शिवकन्याचे वडील अजून कारखान्यावर आहेत, घरातला मोबाइल त्यांच्याकडे. अजीजभाईंनी त्यांचा जुना मोबाइल मला दिलाय. चिठ्ठीचा फोटो काढून कसा पाठवायचा ते अदिबानं शिकवलं. रिपोर्ट वाटेत त्यावर आला तर तोच दाखवीन. नाही आला तर रक्ताचा कागद दाखवीन. शेवटी तीही माणसंच आहेत.

रुक्मिणी


उदगीर स्टेशन,
१४ एप्रिल, दुपारी १२.४०

विहीणबाई,

उतरवलं.

गाडी इथं थांबली, पलीकडे गेलं की कर्नाटक, म्हणून तपासणी इथंच. दोघेजण डब्यात आले. तोंडाला मास्क. मी माणसाचं बोलणं ओठांवरून वाचते, मास्कमागचं काय वाचू? ते बोलत होते आणि मी नुसती बघत होते. त्यांना वाटलं मी वेड घेऊन पेडगावला चाललेय. मी स्वॅबची पावती दाखवली. रक्ताचा कागद दाखवला, रेघेवर बोट ठेवून मोठ्यानं सांगितलं की लेकीला रक्त द्यायचंय. डब्यातल्या सगळ्या माणसांनी माना खाली घातल्या. त्यातल्या थोरल्यानं माझ्याच पावतीच्या मागे लिहून दिलं, 'रिपोर्ट नाही. उतरा. आमच्या हातात नाही.' त्याचे डोळे ओले होते, ते मला दिसलं. पण उतरवलंच.

गाडी गेली. मोबाइलवर अजून काही आलेलं नाही. मी बाकावर बसलेय. काय करू ते कळवा. लगेच कळवा.


भालकी,
१४ एप्रिल, दुपारी १.३०

रुक्मिणीबाई,

दवाखान्याच्या पायरीवर बसून लिहितेय. रक्तदाब एकशे नव्वद. सकाळपासून अंगावरून जायला लागलंय. आता थांबता येणार नाही, सहा वाजता आत घेणार आहेत.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आई सीमेवर अडली तर अडू द्या, रक्ताला कुणी रिपोर्ट विचारत नाही. उदगीरच्या रक्तपेढीत त्या फोनवर बोलल्यात, सगळं सांगितलंय. तिथं जाऊन तुमचं नाव सांगा. ते रक्त काढतील, तपासतील, बर्फाच्या डब्यात घालून त्यांच्या माणसाबरोबर सीमेपर्यंत पाठवतील. औषध म्हणून ते सुटतं. पलीकडे परमेश्वर मोटरसायकल घेऊन उभा राहील, तो आत्ताच निघालाय.

तुम्ही येऊ नका, तुमचं रक्त पाठवा. असं एका आईला लिहावं लागतंय. लवकर.

मनकर्णा


भालकी,
१५ एप्रिल, सकाळ

रुक्मिणीबाई,

शिवकन्या आहे. आधी हेच वाचा. ती आहे.

तुमचं रक्त साडेसहाला पोचलं. मुलगी झाली. दोन किलोला थोडी कमी, काचेच्या पेटीत ठेवलीय, मुठी आवळून रडते. नाक तुमचं आहे.

पण पोरीचं रक्त थांबेना. तुमची बाटली चढत होती आणि खालून जातच होतं. परमेश्वरला बिदरला पिटाळलं, तिथं एका मास्तरांचा गट जुळला, ते स्वतः पेढीत येऊन बसले. तोवर आठ वाजले. डॉक्टरीणबाई हातमोज्यांनिशी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, पिशवी काढावी लागेल, नाहीतर बाई जाईल. घरातलं दुसरं कुणी नव्हतं. मी सही केली.

तेवीस वर्षांच्या पोरीचं गर्भाशय काढायला मी सही केली. आता तिला दुसरं मूल होणार नाही. मी तीच बाई आहे जी फेब्रुवारीत माझा नातू, माझा नातू करत होती. रात्रभर मला एकच दिसतंय, शुद्धीवर आल्यावर ती माझ्याकडे बघेल आणि काय झालं म्हणून विचारेल. तिला काय सांगू? लोकांना काय सांगू? परमेश्वरला सांगितलं तर तो नुसता तिच्या पायाशी जाऊन बसला. मला तिच्या तोंडाकडे बघवत नाही. दार ढकलते आणि परत फिरते.

तुम्ही असायला हव्या होत्या. रागानं म्हणत नाही.

मनकर्णा


उदगीर,
१५ एप्रिल, दुपारी ३

विहीणबाई,

तुमची चिठ्ठी रक्तपेढीच्या ओट्यावर वाचली. इथं साफसफाई करणाऱ्या दगडाबाईंनी काल मला घरी नेलं, भाकरी खाऊ घातली. त्यांच्याकडेच आहे.

माझा रिपोर्ट आज सव्वाबाराला मोबाइलवर आला. निगेटिव्ह. सोमवारी अकराचा स्वॅब, म्हणजे त्र्याहत्तर तास. सव्वा तासानं मेला. आज तशीही गाडी नव्हती, आणि कालपासून रस्त्यावर जीपही सोडत नाहीत. मी उठले आणि इथल्या केंद्रावर दोन वाजता नवा स्वॅब दिला. शनिवारी कमलनगरला सत्तेचाळीस तास भरतील. उद्या संध्याकाळपर्यंत रिपोर्ट देतो म्हणालेत. नाही दिला तर सोमवारच्या गाडीसाठी परत देईन. माझं नाक आता त्या काडीला घाबरत नाही.

आता तुम्हाला एक सांगते, जे सोयरीक करताना सांगितलं नव्हतं. काल इथल्या बाईंनी माझ्या बोटाचं रक्त तपासलं आणि चकित झाल्या. हिमोग्लोबिन बारा पॉइंट आठ भरलं. म्हणाल्या, ऊस तोडणाऱ्या बायांचं आठ-नऊच्या वर जात नाही, तुमचं कसं? पाळी कधी आली होती? मी म्हटलं, चौदा वर्षं झाली, येत नाही. एकतिसाव्या वर्षी पिशवी काढलीय. काही रोग नव्हता. फडावर पाळीचे चार दिवस खाडा चालत नाही, म्हणून आमच्या टोळीतल्या सहाजणींनी एकाच महिन्यात काढून घेतली. माझ्यामागे शिवकन्या एकटीच राहिली ती त्यामुळं. मला मुलगा हवा होता की नको हे मला कुणी विचारलं नव्हतं. त्या बाईंनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. मी म्हटलं, काढा रक्त, वेळ चाललाय.

तो कागद, ओ आणि रेघेचा, त्याच ऑपरेशनचा होता.

तुम्ही सही केली ते योग्य केलं. माझ्या वेळी सही झाली ती कामासाठी झाली, तुम्ही जिवासाठी केली. लोकांना काही सांगू नका, लोक आपोआप दमतात. जावईबापू पायाशी बसले हे वाचून मला बरं वाटलं.

पण तिला मी येईपर्यंत काही सांगू नका. ते सांगायचं काम माझं आहे, दुसऱ्या कुणाला ते जमणार नाही. मला शुद्ध आली तेव्हा माझी आई जिवंत नव्हती. उशाशी मुकादमाची बायको बसली होती. तिनं माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "चल बाई, सुटलीस. आता बारा म्हैने कामाला मोकळी." ते शब्द मला अजून ऐकू येतात, कान गेले तरी.

दार ढकलून परत फिरू नका, विहीणबाई. आत जा. तिच्या उशाशी बसा आणि काहीच बोलू नका. मी पोचेपर्यंत नुसत्या बसा.

रुक्मिणी